काचेवरची वार

ज्यांनी मला त्या वर्षातून बाहेर काढलं त्यांचं आधी सांगते; माझं काय झालं ते नंतर. आम्ही अॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला राहत होतो, त्या इमारतीत आमच्या वरच्याच मजल्यावर एक मराठी बाई राहायच्या. त्यांचं नाव इथं लिहिलेलं त्यांना चालणार नाही, आणि मीही त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. काकू म्हणायला गेले तर म्हणाल्या, "मी कुणाची काकू नाही." मॅडम म्हटलं की त्यांना ऐकूच येत नसे. मग शाळेतल्यासारखं नुसतं 'बाई' म्हणायला लागले. त्यावर काही बोलल्या नाहीत, म्हणजे चाललं.

माझी मुलगी पोटातच गेली. करोनाच्या दुसऱ्या वर्षी, सातव्या महिन्यात. ती माझ्यामुळे गेली का, हा एकच प्रश्न मी पुढे कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपत होते आणि उठत होते. त्याचं उत्तर बाईंनी मला दिलं नाही, मिळवून दिलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक त्यांच्या स्वभावात असा मुरलेला होता की पहिल्यांदा मला त्यांचा रागच आला.

मी नववीतून घरी बसलेली. आई अंथरुणाला खिळली आणि शाळा सुटली. लग्न आत्याच्या मुलाशी झालं, म्हणजे घर बदललं तरी माणसं तीच. नवरा हुशार, कॉम्प्युटरच्या कामात शिरला, पुण्याहून थेट अॅमस्टरडॅमला. मी त्याच्यामागून आले ती घाबरतच आले. पोस्टाच्या पेटीत डच भाषेतले कागद पडायचे. नगरपालिकेला इथं खेमेंते म्हणतात. खेमेंतेचा शिक्का दिसला की मला वाटायचं, आपल्याला परत पाठवतायत. कागद घेऊन मी जिना चढून वर जायची. बाई दार अर्धंच उघडायच्या, कागद तिथंच वाचायच्या आणि म्हणायच्या, "कचऱ्याचा डबा गुरुवारी बाहेर ठेवा, असं लिहिलंय. रडायचं असेल तर डब्याजवळ रड." आणि दार बंद.

लोकांना त्या खडूस वाटत. इमारतीतली मराठी मंडळी गणपतीच्या आरतीला बोलवायची तर या यायच्या, प्रसाद घ्यायच्या आणि फोटो काढायची वेळ आली की निघून जायच्या. "तिथं मला कोणी विचारत नाही की उजेड किती पाहिजे," असं म्हणायच्या. उजेडाशी त्यांचं काहीतरी वेगळंच होतं. घरात दिवसा पडदे ओढलेले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मागचा दिवा बंद. स्वयंपाकघरात हळदीचा, केशराचा, तिखटाचा डबा चांदीच्या कागदात गुंडाळलेला, पोळ्या गुंडाळतात त्या. मी एकदा विचारलं, "बाई, हे कशाला?"

"उजेडानं रंग मरतो."

"हळदीचा?"

"सगळ्यांचा. काही लवकर, काही उशिरा."

मग त्यांनी एक गंमत दाखवली. वाटीत तेल घेतलं, चिमूटभर हळद टाकली, दिवा मालवला आणि खिशातून एक छोटी बॅटरी काढली. तिचा उजेड जांभळा, जवळजवळ न दिसणारा. तो वाटीवर पडला आणि वाटीतलं तेल हिरवट-पिवळं पेटल्यासारखं झालं. मी मागेच सरले. इतकी वर्षं भाजीत हळद टाकते, हे मला कधी कळलंच नव्हतं.

"माझं काम एवढंच आहे," बाई म्हणाल्या. "अंधारात एक उजेड टाकायचा आणि परत कुठल्या रंगाचा येतो ते बघायचं."

त्या शहरातल्या एका संशोधनाच्या प्रयोगशाळेत होत्या. माणसाच्या शरीरातला एखादा बारीक तुकडा मेणात बसवतात, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढतात, तो काचेवर ठेवतात. मग त्यावर असे रंग सोडतात की एकेक रंग फक्त एकेका जातीच्या पेशीलाच जाऊन चिकटतो. कुठली पेशी कुठं बसलीय, तिच्या शेजारी कोण आहे, कोण कुणाच्या अंगावर धावून गेलंय, हे सगळं दिसतं. पण सगळे रंग एकदम लावले तर एकमेकांत मिसळतात आणि नुसता चिखल दिसतो. म्हणून एका फेरीला दोन-चारच रंग. फोटो काढायचा, रंग धुऊन किंवा उजेडानं मारून टाकायचा, आणि त्याच कापावर पुढचे दोन-चार रंग. परत फोटो. असं किती वेळा तरी. दर फेरीला एक निळा मात्र ठेवायचा. तो प्रत्येक पेशीच्या मधोमध बसतो. त्या निळ्यावर निळा बसवून सगळे फोटो एकावर एक रचायचे. मग एकच नकाशा तयार होतो.

हे मला त्यांनी एका दमात सांगितलेलं नाही. वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही मी विचारलं तर. आणि मी विचारायची ती घाबरट माणूस विचारतो तशी, दहा गोष्टी एकदम. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "आज दोन विचार. बाकीच्यांनी उद्या यावं."

प्रश्नांना 'यावं' म्हणायची ही त्यांची रीत. काचेवरच्या कापांशीही त्या अशाच बोलायच्या. हे मला त्यांच्या हाताखालच्या एका पोरीनं सांगितलं. ती डच, एकदा बाईंकडे काही द्यायला आली होती तेव्हा जिन्यात भेटली. म्हणाली, तुमच्या शेजारीण अंधाऱ्या खोलीत बूट काढून जातात, आणि काचेशी त्यांच्या भाषेत बोलतात. आम्हाला वाटतं, प्रार्थना म्हणतात.

मी बाईंना विचारलं तेव्हा त्या चिडल्या. "प्रार्थना कसली? पाणी बदलते म्हणून सांगते. 'थांबा, आता जरा पाणी बदलते.' एवढंच."

"काचेला अहो-जाहो?"

"काचेला नाही. काचेवर माणूस असतो. कोण ते माहीत नाही. माझ्यापेक्षा वयानं मोठा असेल, मेलेला असेल, राणी असेल. ओळख नसलेल्या माणसाला मी अरे-तुरे करत नाही."

"आणि बूट?"

"तुझ्या घरी कोणी बूट घालून ओट्याशी येतं का?"

यापुढे विचारायची सोय नव्हती.

मला सायकल बाईंनी शिकवली, हे इथं सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्या सायकलीवर आलं. कडक बंदीचे दिवस होते, ट्राममध्ये बसायला भीती वाटायची. बाई म्हणाल्या, या देशात सायकल येत नाही तो माणूस लंगडा. त्यांची स्वतःची एक जुनी, पुढे टोपली असलेली फीट्स होती. सायकलीला इथं तेच म्हणतात. कालव्याच्या कडेनं त्यांनी मला धरून पळवलं. मास्क हनुवटीवर, केस सुटलेले, वय साठीकडे झुकलेलं, आणि मागून ओरडतायत, "पुढे बघ! पाण्यात बघू नको! बघितलंस तिकडे जाशील!" मी ओरडले, "सोडू नका हो बाई!" तर मागून लांबून आवाज आला, "मघाशीच सोडलंय!"

त्या दिवशी मी माहेर सोडल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले.

मग दिवस राहिले. सुईण म्हणाली, सायकल चालवायला हरकत नाही, इथल्या बायका नवव्या महिन्यापर्यंत चालवतात. नवऱ्यानं घेऊन दिलेल्या जुन्या सायकलीवर मी दुकानापर्यंत जायची, हळूहळू यायची. आत्याला व्हिडिओवर चुकून सांगून बसले. आत्या म्हणजे माझी सासू. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "पोटुशी बाई सायकलीवर? आगं, तुझ्या आईनं काय शिकीवलं का न्हाई तुला?" मी हसण्यावारी नेलं.

सातव्या महिन्यात मला ताप आला. वास गेला. फार काही झालं नाही, उठून फिरायला लागले, आणि मग नवरा आजारी पडला, माझ्याहून जोरात. तो आतल्या खोलीत बंद, मी बाहेर. त्याचं पाणी, त्याची पेज, दाराशी ठेवायची. या गडबडीत एका दुपारी माझ्या लक्षात आलं की पोटात काही हलत नाहीये. साखर घालून पाणी प्याले. डाव्या कुशीवर झोपले. मग जिना चढून वर गेले.

बाईंनी त्या दिवशी दार पूर्ण उघडलं.

नवऱ्याला दवाखान्यात येऊ देणार नव्हते. बाईंना करोना आदल्या वर्षीच होऊन गेला होता, लसही झाली होती. त्या म्हणाल्या, "मी येते." टॅक्सी त्यांनीच बोलावली. दवाखान्यात मशीन लावलं, डॉक्टरीण बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं मशीनचा आवाज बंद केला. इंग्रजी मला कामापुरतं येतं. त्या दिवशी तेवढं पुरलं.

कळा औषधानं आणल्या. बाई उशाशी बसून होत्या. 'धीर धर' म्हणाल्या नाहीत, 'देवाची मर्जी' म्हणाल्या नाहीत, डोक्यावरून हातही फिरवला नाही. मी त्यांचं मनगट धरलं होतं ते मात्र सोडवून घेतलं नाही. नंतर कितीतरी दिवस त्या लांब बाह्यांचं घालायच्या.

मुलगी झाली. केस होते तिला. नर्सनं तिच्या पावलांचे ठसे घेतले आणि टोपी घालून माझ्याजवळ दिली. ती गार नव्हती, हे मला आठवतं. माझ्या अंगाची ऊब होती ती.

मग त्याच नर्सनं फार हळू आवाजात विचारलं की बाळामागून पडलेली वार तपासायला जाईलच, पण त्यातला एक भाग संशोधनाला दिला तर चालेल का. करोना वारेत जाऊन नक्की काय करतो ते शोधतायत. सक्ती नाही, नाही म्हटलं तरी काही बिघडत नाही.

बाई खुर्चीवरून उठल्या. "मी बाहेर जाते."

"का?" मला एकटीला भीती वाटली. "तुम्हीच सांगा ना काय करू."

"ते काम आमच्याकडे चालतं. म्हणून मी बाहेर जाते. तू हो म्हण, नाही म्हण, मला सांगू नको."

आणि खरंच गेल्या. मी काचेच्या दारापलीकडे त्यांची पाठ बघत होते. मी हो म्हणाले. कुणाला तरी उपयोग होईल एवढंच मनात आलं, आणि सही केली.

आमच्याकडे वार पुरतात. हळद-कुंकू वाहून, परसात, कुणाचं पाऊल पडणार नाही अशा जागी. मूल जगलं तरी, गेलं तरी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तेव्हा कुठलं परस आणि कुठलं काय. मुलीला इथल्याच मातीत ठेवलं, लहान मुलांसाठी वेगळा कोपरा असतो त्यात. नवरा बरा होऊन तिथं येईपर्यंत लोकांनी वाट बघितली, तेवढे उपकार.

पंधरा-वीस दिवसांनी आत्यानं फोनवर विचारलं, "वार कुठं पुरली?"

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही.

त्यानंतर आत्याचा फोन आला की मी तो बराच वेळ वाजू द्यायची. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एकसुरी आवाजात म्हणायची, "सायकल चालिवलीस. आनि वर वार दिलीस परक्याला. पोरीचा जीव अडकून राह्यला आसंल तिथं." नवरा फोन काढून घ्यायचा, दोघांचं वाजायचं, मी मोरीत जाऊन नळ सोडून बसायची. जेवण तुटलं. सायकल तळघरात नेऊन ठेवली. दवाखान्यातून सांगितलं होतं की तपासणी झाली की डॉक्टर भेटून कारण सांगतील, या. मी जात नव्हते. एकदा अंग दुखतंय म्हटलं, एकदा ट्राम बंद आहे म्हटलं. मला वाटायचं, तिथं गेलं की डॉक्टर एकच शब्द म्हणणार: सायकल.

त्यापेक्षा बाईंकडून कळलेलं बरं, असा मी विचार केला. एक दिवस वर गेले आणि म्हणाले, "बाई, माझी वार तुमच्याकडे आली असेल."

त्या चहा गाळत होत्या. गाळतच राहिल्या.

"मी दिलीय. तुम्हाला सांगू नको म्हणालात, पण मी सांगतेय. ती शोधा आणि बघा. माझ्यामुळे झालं का तेवढं सांगा."

"नाही."

"का? तुमच्या हातात आहे ना?"

"माझ्याकडे नावं येत नाहीत, नंबर येतात. आणि नंबरावरून माणूस शोधायला लागले तर उद्यापासून कोणी देणार नाही. ज्या बायकांनी विश्वासानं दिलंय, त्यांतली एक तू आहेस. तुझ्यासाठी तुझाच विश्वास मोडू?"

मला काही समजलं नाही. म्हणजे शब्द समजले, पण रागच आला. मी म्हणाले, "तुम्हाला मूलबाळ नाही म्हणून असं बोलता."

बाईंनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "असेल. पी."

मी तसाच चहा टाकून खाली आले. आठवडाभर जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी दाराआड थांबायची. मग एके सकाळी त्या स्वतः खाली आल्या. पहिल्यांदाच. हातात लॅपटॉप. आमच्या स्वयंपाकघरातला पडदा ओढला, दिवा बंद केला आणि बूट काढायला परत दाराशी गेल्या. लॅपटॉपसमोर बसायलासुद्धा.

"ही तुझी नाही," त्या म्हणाल्या. "परदेशातून शिकवायला म्हणून मिळालेले फोटो आहेत, त्या बाळाच्या आईनं दाखवायला परवानगी दिलेले. तुझ्यात काय झालं ते मला माहीत नाही. पण डॉक्टर काय बोलेल ते तुला समजावं म्हणून दाखवते. आज दोनच प्रश्न."

पडद्यावर आधी नुसते निळे ठिपके आले. रात्री गच्चीवर झोपल्यावर दिसायच्या तेवढ्या चांदण्या. "प्रत्येक ठिपका एक पेशी." मग त्यांनी एक रंग चढवला, आणि ठिपक्यांमधून झाडाच्या मुळ्यांसारखं काहीतरी उमटलं, फांद्या फुटलेलं. "या मुळ्या बाळाच्या. आणि या मधल्या मोकळ्या जागेतून आईचं रक्त वाहतं. बाळ त्यातून खातं, श्वास घेतं. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त मिसळत नाही, मध्ये ही साल असते." मग दुसरा रंग, लाल. लाल सगळा त्या सालीवर होता. "हा विषाणू." मग पिवळा: "या आईच्या पेशी, पहारेकरी. मारायला धावल्या." पिवळ्यांनी मुळ्यांमधली मोकळी जागा भरून गेली होती. त्यांच्या मध्ये मध्ये करड्या गुठळ्यांची जाळी. वाहायला वाटच कुठं उरली नव्हती.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. ते सुंदर होतं, आणि ते सुंदर वाटलं याची मला लाज वाटली.

"बाळाला वाचवायला धावल्या त्यांनीच वाट अडवली?" मी विचारलं.

"वाचवायला धावल्या की विषाणूला मारायला, ते पेशीला माहीत नसतं. पण हो, वाट अडली. हा एक प्रश्न झाला."

"सायकलीनं असं होतं का?"

बाई माझ्याकडे वळल्या. अंधारात त्यांच्या चष्म्यात ते लाल-पिवळं सगळं दिसत होतं. "सायकलीनं असं होत नाही. तुझ्या बाबतीत हेच झालं का, ते डॉक्टर सांगेल. मंगळवारी मी सुट्टी टाकलीय."

मंगळवारी आम्ही गेलो, नवरा, मी आणि दुभाषी म्हणून बाई. डॉक्टर बोलली ते बाईंनी शब्दाला शब्द लावून सांगितलं, स्वतःचं एक अक्षर न घालता. वार जवळजवळ सगळी निकामी झाली होती, विषाणूमुळे. ती थोड्या दिवसांत अशी झाली. बाहेरून कळायला मार्ग नव्हता. मी झोपून राहिले असते, सायकलीला हात लावला नसता, तरी हेच झालं असतं. डॉक्टरनं हे शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं आणि बाईंनीही ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी खोकल्या आणि म्हणाल्या, "एसी फार आहे इथं." एसी नव्हताच.

"तो ताप मी कुठून आणला?" मी विचारलं. "दुकानातून आणला असेल का?"

बाईंनी हे डॉक्टरला विचारलंच नाही. "या प्रश्नानं उद्या यावं," त्या मला म्हणाल्या. "आणि उद्याही त्याला उत्तर मिळायचं नाही, हे आजच सांगून ठेवते."

राहिली आत्या. नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं, पण तिला वाटलं तो बायकोची बाजू घेतोय. तेव्हा मी बाईंना म्हणाले, तुम्ही बोलाल का. त्यांना फोनवर बोलायचा मनापासून तिटकारा. तरी आल्या. व्हिडिओ लावला. आत्या तिकडे ओसरीवर पदर डोक्यावर घेऊन ताठ बसलेली, या इकडे ताठ. मला वाटलं, आता भांडण.

"तुमीच का त्या वार घिऊन बसलेल्या?" आत्यानं सुरुवातच अशी केली.

"मीच. म्हणजे आमच्याकडे येतात त्या. हिची कुठली ते मला माहीत नाही."

"वार पुरत्यात, बाई. काचंवर घालून रंग लावत न्हाईत."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "पुरायचीच असते. माझ्या आईनंही माझी पुरली होती."

आत्याला याची अपेक्षा नव्हती. "मग?"

"पुरली असती तर या रोगानं काय केलं ते त्या वारेला कोणी विचारलंच नसतं. पुढच्या बाईला तुमच्यासारखीच कोणीतरी म्हणाली असती, तू सायकल चालवलीस, तू जिना चढलीस, तू ग्रहण बघितलंस. तिनं ते जन्मभर ऐकलं असतं."

"सायकलीनं न्हाई म्हणता?"

"नाही. सायकल मी शिकवली तिला. सायकलीनं झालं असतं तर पहिला दोष माझा. मी दोन वेळा डॉक्टरच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मला झोप लागली."

हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस त्याही याच प्रश्नाला घेऊन वर एकट्या बसल्या होत्या, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

आत्या फोनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "हात-पाय धुऊन करता का हे काम?"

"बूट काढून आत जाते. हातमोजे असतात. आणि अरे-तुरे करत नाही."

"कुनाला?"

"वारेला."

आत्या स्क्रीनमध्ये आणखी जवळ आली. तिचं नाक आणि एक डोळाच दिसायला लागला. "आनि पोरीला लई दुखलं आसंल का वं?"

दुसरं कोणीही असतं तर 'नाही' म्हणालं असतं.

"मला माहीत नाही, ताई," बाई म्हणाल्या. "ते दाखवणारा रंग अजून नाही."

तिकडे आत्यानं पदर तोंडाला लावला. इकडे बाई खाली बघत बसल्या. दोघींच्या मध्ये मी आणि फोन. मग आत्या म्हणाली, "तिला द्या." मी समोर झाले. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, पोर गेल्यापासून पहिल्यांदा.

"डिंकाचं लाडू न्हाई पाठवलं तुला," ती म्हणाली. "पोर न्हाई, मग लाडू कसलं, आसं मनात आलं. चुकलं माजं. बाळतीन ती बाळतीनच. इमानं सुरू झाली का पयला डबा तुझा." मग आवाज बदलून म्हणाली, "त्या बाईला पन दे त्यातलं. लई वाळलीया."

त्यानंतर सगळं बरं झालं असं नाही. अजूनही कोपऱ्यावर एखादी गर्भार बाई सायकलीवरून जाताना दिसली की मी तोंड फिरवते. पण जेवायला लागले. सायकल तळघरातून वर आणली. आत्याचा फोन आला की उचलते.

पुढे नवऱ्याला याच देशातल्या बेस्ट नावाच्या गावात काम लागलं आणि आम्ही डीमन सोडलं. निघायच्या आदल्या दिवशी मी वर गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. बाई लॅपटॉपवर काम करत होत्या, अनवाणी. पडद्यावर निळ्या चांदण्यांमध्ये तशाच मुळ्या होत्या; फक्त त्यांच्यामधली जागा स्वच्छ मोकळी, काळीभोर, वाहती राहिली असेल अशी.

"ही कुठली?"

"चांगली. निरोगी. बिघडलेली ओळखायला शेजारी एक चांगली ठेवावी लागते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पण चांगल्या मिळत नाहीत. दुःखात माणसं थांबतात, ऐकून घेतात, देतात. आनंदात बाळ घेऊन घरी पळतात, आणि कोणी विचारायला गेलं तर खुळ्यासारखं बघतात. या दोन-तीन आहेत, त्याच त्याच काढते दर वेळी."

माझ्या मनात एक गोष्ट आली. त्यांच्यासमोर बोलले असते तर त्यांनी मला बाहेरच काढलं असतं. कोण वार देणार, ते ऐकायचं नसतं त्यांनी. म्हणून इथं लिहिते. बाई, मला अजून धीर होत नाही. पण कधीतरी होईल, आणि देवानं दिलं तर ते मूल रडत, ओरडत बाहेर येईल. तेव्हा नर्सनं विचारायच्या आधी मी स्वतः कागद मागून सही करीन. आत्याशी माझं बोलणं झालंय. ती म्हणाली, निम्मी मातीला, निम्मी त्या बाईला. तुमच्याकडे नंबर जाईल, नाव जाणार नाही. ती माझीच, हे तुम्हाला कधी कळायचं नाही. पण ती चांगली असेल, आणि मी तुमचं देणं फेडलेलं असेल.